ओव्हरक्लॉकिंग, एसएमपीएस आणि १४ हजारांचा प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर असेंब्लीचं छोटं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात कागलहून एक पोरगं कॅबिनेट रेनकोटात गुंडाळून घेऊन आलं. स्वतः भिजलेलं, कॅबिनेट कोरडं ठणठणीत. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री मित्रांबरोबर गेम खेळतो. मशीन चांगलं होतं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, बी५५० मदरबोर्ड. खिशातून त्यानं चिठ्ठी काढली. त्यावर एकच ओळ होती, "१००० वॅट, गोल्ड".

"दादा, ओव्हरक्लॉक करायचंय. पण त्याच्या आधी हा एसएमपीएस घालायला लागतोय म्हणत्यात. १४ हजार सांगितलेत."

"कोण म्हणतंय?"

"सगळेच."

हे "सगळेच" माझ्या दुकानात महिन्यातून दोनदा तरी येतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला तो लोखंडी डबा. भिंतीतून २३० व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि मशीनला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खरे खादाड दोघं, जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरच खातात. हे लक्षात असू द्या, लेबल वाचताना लागेल.

आता ओव्हरक्लॉकिंग. कंपनीनं चिपला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं ती पळवायची. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला, तेव्हा या छंदाची खरी चंगळ होती. बोर्डाचा बस-वेग, म्हणजे चिपला ताल देणारा मूळ वेग, ६६ वरून १०० वर नेला की ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर पळायची. पैसे ३०० चे, काम ४५० चं. ते दिवस गेले. आता कंपन्याच चिपला जमेल तेवढं पळवून विकतात, त्याला बूस्ट म्हणतात. आपल्या हाती राहतो तो तळाचा रस्सा.

शिवाय प्रत्येक चिप पळवता येत नाही. इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, अशी जोडी लागते. एएमडीमध्ये बहुतेक रायझन खुले असतात, पण बोर्ड निदान बी मालिकेचा हवा. ए३२० किंवा ए५२० वर ते होत नाही. 'के' नसलेला आय५ १२४०० घेऊन "पळवून द्या" म्हणत येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

तर वीज किती वाढते? चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर चिप डगमगू नये म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि खरा खर्च तिथं बसतो. या पोराच्या प्रोसेसरचंच गणित घेऊ. ४.४ गिगाहर्ट्झवरून ४.६ वर न्यायचं. वेगात वाढ साडेचार टक्के. त्यासाठी व्होल्टेज समजा १.२ वरून १.३५ करावं लागलं. १.३५ भागिले १.२ म्हणजे १.१२५, त्याचा वर्ग १.२७, त्याला वेगाच्या १.०४५ नं गुणलं की १.३२. साडेचार टक्के वेगासाठी ३२ टक्के जास्त वीज! हायवेला कागलकडं जाताना गाडी ६० ऐवजी १०० नं हाणली की पेट्रोलचा काटा कसा पळतो, त्यातलाच प्रकार.

३२ टक्के ऐकून पोराचे डोळे मोठे झाले. "म्हणजे १००० वॅट लागणारच की!"

थांब. ३२ टक्के कशाचे? या प्रोसेसरला एएमडीनं ७६ वॅटची मर्यादा घातली आहे. त्याचे ३२ टक्के म्हणजे २४ वॅट. जुन्या पद्धतीच्या एका ट्यूबलाइटपेक्षाही कमी. ७६ चे १०० झाले. आपण हात सैल सोडून ११० धरू. ग्राफिक्स कार्ड १७० वॅटचं. त्याची पॉवर लिमिट १० टक्के वाढवली तर १८७. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, यूएसबीला लटकवलेलं सगळं मिळून ५०. बेरीज ३४७ वॅट. तीही प्रोसेसर आणि कार्ड दोघं एकाच वेळी छातीवर दगड ठेवून राबत असतील तेव्हाची. एडिटिंगमध्ये किंवा गेममध्ये असं क्वचित होतं.

म्हणजे ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर हे मशीन ओव्हरक्लॉक करूनही ६३ टक्क्यांवर चालतं. १००० वॅटचा लावला तर ३५ टक्क्यांवर. उरलेले ६५ टक्के नुसते बसून राहणार.

इथं एक गैरसमज उलट्या बाजूनंही असतो. "मोठा एसएमपीएस लावला तर बिल वाढंल का?" असं एका काकांनी काळजीनं विचारलं होतं. नाही वाढत. गच्चीवर १००० लिटरची टाकी बसवली म्हणून कुणी रोज १००० लिटर पाणी वापरत नाही. मशीन मागेल तेवढीच वीज जाते. मोठ्या टाकीनं नुकसान होत नाही, फक्त टाकीचे पैसे जातात.

मग स्वस्तातला घ्यायचा का? इथं मी जरा आवाज चढवतो, कारण खरी गोची वॅटच्या आकड्यात नसून तो आकडा खरा आहे की खोटा यात आहे.

पोराच्या मशीनमध्ये जो एसएमपीएस होता, तो कॅबिनेटसोबत "फ्री" आलेला. लेबलवर ठळक अक्षरात ५०० वॅट. मी त्याला म्हटलं, लेबल मोठ्यानं वाच. १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. ५ व्होल्टसमोर ३० अँपिअर. ३.३ समोर २८. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे दहावीला असतंच. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. ५ गुणिले ३० म्हणजे १५०. ३.३ गुणिले २८ म्हणजे ९२. बेरीज ४५८, बाकीचं किरकोळ धरून ओढूनताणून ५००. पण प्रोसेसर आणि कार्ड जेवतात १२ व्होल्टच्या ताटात, आणि त्या ताटात आहेत फक्त २१६ वॅट. त्यांना ओव्हरक्लॉक न करताच २४६ लागतात, बोर्ड आणि पंखे वेगळेच. उरलेला माल ५ आणि ३.३ च्या ताटांत पडून आहे, तो खाणारं घरात कुणी नाही.

चांगल्या ५५० वॅटच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर साधारण ४५ अँपिअर दिसतात. १२ गुणिले ४५ म्हणजे ५४०. जवळजवळ सगळा माल लागतो त्याच ताटात. दुकानात उभं राहून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हा एक गुणाकार केला तरी निम्मे खोटे डबे बाजूला होतात. दुसरी खूण वजनाची. हातात घेतल्यावर रिकाम्या पेढ्याच्या बॉक्ससारखा वाटला तर आत ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, कपॅसिटर यांत कुठंतरी हात आखडलेला आहे. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, पण मला क्वचितच चकवते.

अशा डब्यानं माझाही खिसा एकदा कापला आहे. धंदा नवीन होता, गिऱ्हाइकाला पाचशे रुपये वाचवून द्यायचे म्हणून असलाच एक बसवला. दोन महिन्यांनी फटकन आवाज, जळका वास, आणि जाताना मदरबोर्डला सोबत घेऊन गेला. बोर्ड मी पदरचा भरून दिला. त्यात ओव्हरक्लॉकिंगचा काही संबंध नव्हता. गिऱ्हाईक नुसतं हिशेबाचं टॅली वापरायचं.

चांगल्या एसएमपीएसमध्ये यासाठीच संरक्षणाच्या सोयी असतात: लोड फार वाढला, व्होल्टेज वर गेलं, कुठं शॉर्ट झालं की तो स्वतःच बंद होतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कसे पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायला जात नाही, तसं. खोट्या डब्यात हे दरवाजेच बसवलेले नसतात. पाणी मग भिंतीवरून जातं.

आता ते "गोल्ड". ८० प्लस ही खूण २००४ पासून आहे आणि ती एकच गोष्ट सांगते: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती मशीनपर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. साध्या खुणेला २०, ५० आणि १०० टक्के लोडवर निदान ८० टक्के पोचायला हवी. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्राँझला ८५, गोल्डला ९० टक्के लागतात. गोल्ड म्हणजे जास्त दणकट, गोल्ड म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला चांगला, असं ती खूण कुठंच म्हणत नाही. गोल्डमध्ये सहसा आतला मालही बरा असतो हे खरं, पण ती कंपनीची मेहेरबानी, खुणेची अट नव्हे.

पैशांत बघू. मशीन ३०० वॅट खातंय. ब्राँझ भिंतीतून ३५३ घेईल, गोल्ड ३३३. फरक २० वॅट. रोज चार तास पूर्ण जोरात चालवलं तर वर्षाला साधारण २९ युनिट. युनिट १० रुपये धरलं तर वर्षाला २९० रुपये. चिठ्ठीवरचा १४ हजारांचा आणि ५५० वॅटचा साडेचार हजारांचा ब्राँझ, यातला फरक या हिशेबानं वसूल व्हायला ३२ वर्षं लागतील. पोराचं लग्न होऊन त्याच्या पोराचं लग्न जवळ येईल.

एक गोष्ट मात्र सरळ बेरजेत मावत नाही. ग्राफिक्स कार्ड वीज एकसारखी ओढत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात ती एकदम उसळते आणि परत खाली येते. उद्यमनगरात ज्याचं वर्कशॉप आहे किंवा नदीकाठी ज्याची पाण्याची मोटर आहे, त्याला हे शिकवायला नको. चालू मोटर जेवढा करंट घेते, त्याच्या पाच-सहा पट ती सुरू होताना घेते. म्हणून तर मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आले तेव्हा हाच घोळ झाला. कागदावर ३२० वॅटचं कार्ड, बेरीज व्यवस्थित जमलेली, आणि गेम ऐन रंगात आला की मशीन पटकन बंद. उसळी एवढी मोठी की एसएमपीएसला वाटायचं काहीतरी शॉर्ट झालं. पुढं २०२२ मध्ये एसएमपीएससाठी एटीएक्स ३.० हे मानक आलं. त्यात नव्या १६ पिनच्या कनेक्टरचे मोठे एसएमपीएस १०० मायक्रोसेकंदांपुरती आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी झेलू शकले पाहिजेत, असं घातलं.

म्हणूनच बेरीज ३४७ आली तरी मी ४०० चा देत नाही, ५५० चा देतो. आणि म्हणूनच, ज्याच्याकडं ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० आहे आणि जोडीला २५३ वॅटपर्यंत जाणारा आय९ १४९००के आहे, त्यानं १००० वॅटचा घ्यावा. त्याला मी अडवणार नाही. त्याचा प्रश्न वेगळा, त्याची तिजोरीही वेगळी.

"पण दादा, महागड्या एसएमपीएसनं वीज स्वच्छ मिळते, मग ओव्हरक्लॉक जास्त वर जातो म्हणत्यात."

हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त महागात पडतं. एटीएक्सच्या जुन्या मानकाप्रमाणे १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये राहिली पाहिजे आणि तिच्यावरची थरथर १२० मिलिव्होल्टच्या आत हवी. चांगला मध्यम किमतीचा एसएमपीएस यात आरामात बसतो. पण प्रोसेसरला हे १२ व्होल्ट थेट मिळतच नाहीत. सॉकेटच्या बाजूला मदरबोर्डवर चौकोनी कॉइलींची रांग दिसते ना, तिला व्हीआरएम म्हणतात. ती १२ व्होल्टचे १.३ व्होल्ट करून देते. १०० वॅट १.३ व्होल्टवर म्हणजे ७७ अँपिअर! घराच्या मेन स्विचचा एमसीबी बऱ्याचदा ३२ अँपिअरचा असतो. एवढा करंट नखाएवढ्या जागेत पोचवायचं काम त्या कॉइली करतात. एसएमपीएस धड असेल तर पहिली हार तो मानत नाही. एक तर व्हीआरएम तापते, नाहीतर प्रोसेसरचा कूलर. म्हणून ओव्हरक्लॉकिंगसाठी पैसे बाजूला काढलेच असतील तर ते बोर्ड आणि कूलरवर घाला.

बिघाड कुणाचा, हे ओळखायची माझी ठोकळ रीत सांगतो. निळी स्क्रीन आली किंवा रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं, मध्येच एरर देऊन थांबलं तर बहुधा चिपला त्या वेगासाठी व्होल्टेज कमी पडतंय. एसएमपीएसला शिव्या देऊ नका. आधी मशीन हळू पडलं, पंखे बोंबलायला लागले आणि मग बंद झालं तर उष्णता. आणि कुणी प्लग उपटल्यासारखं, काही न सांगता, फटदिशी काळोख झाला तर एसएमपीएसकडं बघा. जुन्या चार पिनच्या कनेक्टरमध्ये पिवळ्या आणि काळ्या वायरीला मल्टिमीटर लावून लोडवर ११.४ च्या खाली जातंय का पाहता येतं. डबा मात्र उघडू नका. आत ३०० व्होल्टच्या वर चार्ज झालेला कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहतो.

आपल्याकडं या प्रश्नात आणखी एक गडी असतो, तो परदेशातल्या सल्ल्यांत नसतो: यूपीएस. पावसाळ्यात लाईट मिचकावते, त्यामुळं प्रत्येकाकडं ६०० व्हीएचा एक असतोच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. बहुतेकांवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

त्या दिवशी मी काउंटरवर भिंतीच्या प्लगला लावायचा वॉटमीटर काढला. आधी मशीनमध्ये ५५० वॅटचा ब्राँझ बसवला. ओव्हरक्लॉक न करता गेममध्ये आकडा २९५ च्या आसपास नाचत होता. ४.६ वर नेऊन, कार्डाची लिमिट वाढवून परत तोच गेम लावला: ३३०. पोरगं मीटरकडं वाकून बघत होतं. "एवढंच वाढलं?" एवढंच. मग त्याचा मॉनिटर धरला २५ वॅट. झाले ३५५. आणि घरी यूपीएस ३६० चा. आता मी मुद्दाम प्रोसेसर आणि कार्ड दोन्हीची टेस्ट एकदम लावली. आकडा ३९८. "आत्ता लाईट गेली तर?" मी विचारलं. त्यानं डोक्याला हात लावला. यूपीएस कोकलणार आणि झोपणार, तीन तासांचं रेंडर घेऊन. १००० वॅटचा गोल्ड बसवूनही तसंच झालं असतं, कारण कमकुवत कडी डब्यात नसून टेबलाखाली आहे.

लाईट मिचकावते त्या क्षणी एसएमपीएसचाही कस लागतो. वीज तुटल्यावर पूर्ण लोडवर १६ मिलिसेकंद तरी तग धरावा असा एटीएक्सचा जुना दंडक आहे. तेवढ्यात यूपीएसनं बॅटरीवर जायचं. खोट्या डब्यातला कपॅसिटर लहान असतो, तो तेवढाही टिकत नाही. मग "यूपीएस आहे तरी मशीन रिस्टार्ट होतंय" अशी तक्रार येते आणि बिचारा यूपीएस बदलला जातो.

अर्थिंगही बघून घ्या. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, तो मशीनचा दोष नसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज बॉडीवर येते, ती अर्थिंगनं जमिनीत जायची असते. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचं अडॅप्टर लावलं की तिला वाटच राहत नाही.

शेवटी पोरानं घेतला ५५० वॅटचा ब्राँझ, एक बरा टॉवर कूलर आणि १००० व्हीएचा यूपीएस. चिठ्ठीवरच्या आकड्याच्या आत सगळं बसलं, तांबड्या-पांढऱ्याला पैसे उरले. वॉटमीटर दोन दिवसांसाठी मागून नेला, घरच्या यूपीएसवर आकडा बघतो म्हणाला.

आठवड्यानं फोन आला. मशीन झकास चाललंय. तासाचं रेंडर अडीच-तीन मिनिटं लवकर उरकतंय, पण रात्री पंखा ऐकू येतो म्हणून ४.५ वर आणून व्होल्टेज उतरवलंय. ते मीटर बघून त्याचं त्यानंच शोधलं होतं.

"आणि मीटर?" मी विचारलं.

"आईनं फ्रिजला लावलाय दादा. महिन्याचं बिल येईस्तोवर देत नाही म्हणती."